‘सेंद्रिय’ शब्दाची बाटली आणि कोळंबीचे तळे

हुबळी-धारवाड या जोडशहराला समुद्र नाही. तरीही येथील मासळी बाजारात कोळंबी मिळते. कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून अरबैल घाट चढून ती येते, गोव्याहून लोंढामार्गेही येते. या पठारावर पिकणारे सोयाबीन, मका, गूळ आणि तांदळाचा कोंडा हे जिन्नस किनाऱ्यावरच्या कोळंबी तळ्यांना उपयोगी पडणारे आहेत. सोयाबीनची पेंड कोळंबीच्या खाद्यात असते, तर गूळ आणि कोंडा आंबवून तळ्याच्या पाण्यात सोडला जातो. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग धारवाडात नसून कारवारला कोडीबाग येथे आहे आणि १९८६ साली स्थापन झालेल्या धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात सेंद्रिय शेतीसाठी स्वतंत्र संस्था आहे. समुद्रापासून दूर असलेल्या या शहरात ‘सेंद्रिय’ आणि ‘कोळंबी’ या दोन विषयांची अशी गाठ पडते.

गोमंतकीय घरांत जिला सुंगटे म्हणतात, ती ही कोळंबी. तिच्या शेतीत गेली काही वर्षे ‘सेंद्रिय वाढवर्धक’ नावाचे द्रव आणि भुकट्या मोठ्या प्रमाणात विकल्या जात आहेत. वृत्तपत्राच्या कार्यालयात येणाऱ्या प्रसिद्धिपत्रकांतही ‘शंभर टक्के सेंद्रिय’ हे शब्द वारंवार दिसतात. उपसंपादकाचे काम शब्द तपासण्याचे आहे. हा शब्द तपासायला घेतला, तर त्याच्या एका टोकाला शेतकऱ्याचा चार महिन्यांचा घाम आणि दुसऱ्या टोकाला आपल्या ताटातील अन्न आहे, असे दिसते. म्हणूनच या बाटलीत नेमके काय असते, ते काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे.

एका शब्दाचे तीन अर्थ

मराठीत ‘सेंद्रिय’ हा शब्द किमान तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो. पहिला अर्थ रसायनशास्त्राचा. कर्बाच्या संयुगांना ‘सेंद्रिय संयुगे’ म्हणतात. या अर्थाने साखर सेंद्रिय आहे, व्हिनेगरमधील आम्ल सेंद्रिय आहे आणि रॉकेलही सेंद्रियच आहे. दुसरा अर्थ शेतीतला. कृत्रिम खते आणि कीटकनाशके टाळून, ठरलेल्या नियमांनुसार आणि तपासणीखाली केलेली ती सेंद्रिय शेती. तिसरा अर्थ बोलण्यातला. जे ‘नैसर्गिक’, ‘घरगुती’ किंवा ‘अपाय न करणारे’ वाटते, त्याला आपण सैलपणे सेंद्रिय म्हणतो.

बाटलीवरचा शब्द पहिल्या अर्थाने खरा असतो आणि गिऱ्हाईक तो तिसऱ्या अर्थाने वाचते. फॉर्मिक आम्लाचे क्षार असलेली भुकटी ‘सेंद्रिय आम्लयुक्त’ म्हणून विकणे शास्त्रीयदृष्ट्या चूक नाही. परंतु कारखान्यात तयार झालेल्या त्या क्षाराचा सेंद्रिय शेतीशी काहीही संबंध नाही. ‘नैसर्गिक’ या शब्दाचीही हीच कथा. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक कोळंबी शेतीत पूर्णतः निषिद्ध आहे. ते १९४७ साली मिळाले ते मातीतील एका सूक्ष्मजीवापासून. रसायनशास्त्राच्या भाषेत ते सेंद्रिय संयुग आणि मुळाने नैसर्गिक. तरीही त्याचा अंश सापडला की कोळंबीची संपूर्ण खेप नाकारली जाते. तेव्हा केवळ ‘सेंद्रिय’ किंवा ‘नैसर्गिक’ या विशेषणावर विसंबून कोणताही पदार्थ तळ्यात टाकणे म्हणजे डोळे मिटून घाट उतरणे होय.

वाढवर्धकांची पूर्वकथा

‘वाढवर्धक’ ही कल्पना कोळंबीच्या तळ्यात जन्मली नाही; ती कुक्कुटपालनातून आली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड हे शास्त्रज्ञ कोंबड्यांच्या खाद्यासाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करताना उरणारा चोथा त्यांनी पिलांना खाऊ घातला. पिले अपेक्षेपेक्षा अधिक वाढली. चोथ्यात उरलेल्या प्रतिजैविकाचा हा परिणाम होता. त्यानंतर काही दशके जगभर कोंबड्या, डुकरे आणि गुरे यांच्या खाद्यात प्रतिजैविकांची अल्प मात्रा नियमितपणे मिसळली जाऊ लागली.

या सवयीची किंमत हळूहळू कळली. प्रतिजैविकाच्या अल्प पण सततच्या मात्रेने सगळे जिवाणू मरत नाहीत; जे तग धरतात त्यांचीच प्रजा वाढते. मग तेच औषध आजारी जनावराला आणि पुढे आजारी माणसालाही लागू पडेनासे होते. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर बंदी घातली. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून ती सर्व सदस्य देशांत लागू केली. या बंदीमुळे जी जागा रिकामी झाली, ती भरण्यासाठी उपकारक जिवाणू, वनस्पतींचे अर्क, सेंद्रिय आम्ले, यीस्टच्या पेशीभित्तिका असे पर्याय पुढे आले. आज कोळंबीच्या दुकानात दिसणारे सेंद्रिय वाढवर्धक हे या पर्यायांचेच वंशज आहेत. त्यांच्या मागचा हेतू चांगला आहे. वाद आहे तो त्यांच्या नावाने केल्या जाणाऱ्या दाव्यांचा.

कोळंबी वाढते कशी?

आपल्याकडे तळ्यांत वाढवली जाणारी बहुतांश कोळंबी व्हॅनामेई जातीची आहे. ती मूळची लॅटिन अमेरिकेच्या प्रशांत महासागरी किनाऱ्यावरची. भारतात तिच्या व्यावसायिक संवर्धनाला २००९ साली परवानगी मिळाली. त्यापूर्वी वाघी कोळंबीचे राज्य होते. मात्र १९९० च्या दशकाच्या मध्यात पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूजन्य रोगाने तिच्या शेतीचे कंबरडे मोडले.

कोळंबीची वाढ माशासारखी अखंड होत नाही. तिच्या अंगावर कठीण कवच असते आणि ते ताणले जात नाही. ठरावीक काळाने ती जुने कवच टाकते, पाणी शोषून फुगते आणि मग नवे कवच कठीण होते. या कात टाकण्याच्या प्रत्येक वेळी ती काही तास मऊ, अशक्त आणि असुरक्षित असते. नव्या कवचासाठी तिला पाण्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळावे लागते. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम हे कॅल्शियमच्या सुमारे तिप्पट असते. गोड्या पाण्याची भर पडलेल्या तळ्यांत हा समतोल बिघडतो आणि कवच मऊ राहते.

दुसरी गोष्ट तिच्या पचनसंस्थेची. कोळंबीचे आतडे आखूड आणि सरळ असते आणि खाल्लेले अन्न त्यातून फार वेळ न थांबता बाहेर पडते. ती खाद्याची गोळी गिळत नाही; पायांत धरून कुरतडते. तोवर गोळीतील विरघळणारे घटक पाण्यात निघून जातात. तिसरी गोष्ट प्रतिकारशक्तीची. माणसाच्या शरीरासारखी प्रतिपिंडे तयार करून रोगाची आठवण ठेवण्याची यंत्रणा कोळंबीकडे नसते. तिचे संरक्षण जन्मजात आणि सरसकट स्वरूपाचे असते. त्यामुळे आपल्या नेहमीच्या अर्थाची लस तिला देता येत नाही.

या तीन गोष्टी लक्षात घेतल्या की, वाढवर्धकाचे काम कोणते असू शकते ते स्पष्ट होते. तो आतड्यातील उपद्रवी जिवाणू कमी करू शकतो, अन्न अधिक चांगले पचायला मदत करू शकतो, खाद्याची चव वाढवू शकतो किंवा पाणी स्वच्छ राखायला हातभार लावू शकतो. बीजाच्या आनुवंशिक गुणांपलीकडे कोळंबीला वाढवण्याची शक्ती कोणत्याही बाटलीत नसते. वाढीतील अडथळे कमी करणे, एवढीच तिची मर्यादा आणि तेवढीच तिची उपयुक्तता.

बाटलीत असते काय?

बाजारातील उत्पादनांची नावे अनेक असली, तरी त्यांचे मुख्य प्रकार पाच-सहाच आहेत.

पहिला प्रकार उपकारक जिवाणूंचा, म्हणजे प्रोबायोटिकांचा. यात बॅसिलस कुळातील जिवाणू सर्वाधिक वापरले जातात. ते बीजाणू तयार करतात आणि त्यामुळे कोरडेपणा व उष्णता सहन करून पाकिटात टिकतात. लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंना ही सोय नसते. उन्हात तापलेल्या कोठीत महिनाभर ठेवलेल्या पाकिटात त्यांच्यापैकी फारच थोडे जिवंत उरतात. प्रोबायोटिकच्या व्याख्येतच दोन अटी आहेत: जिवाणू जिवंत हवेत आणि पुरेशा संख्येने हवेत. म्हणून वेष्टनावर जिवाणूची जात, प्रतिग्रॅम जिवंत पेशींची संख्या आणि मुदत या तीन गोष्टी नसतील, तर ते पाकीट घेऊ नये. तळ्यात जंतुनाशक टाकून त्याच आठवड्यात प्रोबायोटिक सोडण्याची चूकही होते. अशा वेळी विकत घेतलेल्या एका वस्तूने विकत घेतलेली दुसरी वस्तू मारली जाते.

दुसरा प्रकार सेंद्रिय आम्लांचा आणि त्यांच्या क्षारांचा. ही आम्ले जिवाणूच्या पेशीत शिरून तिचे कार्य बिघडवतात. परंतु पेशीत शिरण्याची त्यांची क्षमता भोवतालचा सामू वाढला की घटते. डुकराच्या आम्लधर्मी जठरात ती चांगली चालतात. कोळंबीच्या पचनमार्गाचा सामू मात्र उदासीनतेच्या आसपास असतो आणि समुद्राच्या पाण्याचा आठच्या जवळ. म्हणून ही आम्ले पाण्यात ओतणे निरर्थक ठरते. ती खाद्यात आणि शक्यतो आवरण देऊन मिसळली तरच आतड्यापर्यंत पोहोचतात.

तिसरा प्रकार वनस्पतिजन्य अर्कांचा: लसूण, हळद, आले, ओवा इत्यादी. लसणाचा तिखट वास ज्या ॲलिसिनमुळे येतो, ते अख्ख्या पाकळीत नसते. पाकळी ठेचल्यावर एका विकराच्या क्रियेने ते तयार होते आणि लवकरच विघटित होऊ लागते. लसूण शिजवला तर तो विकरच नष्ट होतो. त्यामुळे ताजा ठेचलेला लसूण, वाळवलेली भुकटी आणि बाटलीतील अर्क या तिघांचा गुण एकसारखा असू शकत नाही. प्रयोगशाळेत आलेला निकाल तळ्यात का येत नाही, याचे एक कारण येथे सापडते.

चौथा प्रकार यीस्टच्या पेशीभित्तिकेतून मिळणाऱ्या बीटा-ग्लुकन आणि तत्सम पदार्थांचा. हे पदार्थ कोळंबीच्या जन्मजात संरक्षण यंत्रणेला जागे करतात. मात्र, ते सतत आणि अखेरपर्यंत दिल्यास लाभ वाढत जाईलच असे नाही. ते टप्प्याटप्प्याने देण्याची शिफारस त्यामुळेच केली जाते. पाचवा प्रकार समुद्री शैवाल आणि माशांच्या टाकाऊ भागांपासून बनवलेल्या द्रवांचा. यांतील लहान प्रथिन-तुकडे आणि अमिनो आम्ले कोळंबीला खाद्याकडे खेचतात. चेन्नईच्या केंद्रीय खारेपाणी मत्स्यपालन संशोधन संस्थेने, म्हणजे ‘सीबा’ने, मासळी बाजारातील टाकाऊ भागांपासून ‘प्लँक्टन प्लस’ हे उत्पादन विकसित केले आहे. ते तळ्यातील सूक्ष्म जीवसृष्टीला, म्हणजे प्लवकांना, पोसते. मासळी बाजाराच्या कचऱ्याला असा उपयोग सापडणे, हे आपल्यासारख्या मासेखाऊ प्रदेशाला विचार करायला लावणारे आहे.

गूळ, कोंडा आणि नत्राचे गणित

सहावा प्रकार विकत घ्यावाच लागत नाही. गूळ किंवा मळी, तांदळाचा कोंडा आणि यीस्ट पाण्यात कालवून एक-दोन दिवस आंबवायचे आणि ते मिश्रण तळ्यात सोडायचे, ही पद्धत अनेक शेतकरी वापरतात. त्यामागील शास्त्र समजून घेण्यासारखे आहे.

कोळंबीच्या खाद्यात साधारण ३५ टक्के प्रथिने असतात, असे धरू. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असते. म्हणजे एक किलो खाद्यात सुमारे ५६ ग्रॅम नत्र झाले. त्यापैकी जेमतेम एक चतुर्थांश कोळंबीच्या शरीरात राहते. उरलेले सुमारे ४२ ग्रॅम विष्ठा, उत्सर्जन आणि वाया गेलेल्या खाद्याच्या रूपाने तळ्यातच उरते आणि त्यातून अमोनिया तयार होतो. अमोनिया कोळंबीला विषारी असतो आणि पाण्याचा सामू वाढला की त्याचा विषारी अंशही वाढतो.

पाण्यातील जिवाणूंना कर्बाचा स्रोत दिला, तर ते स्वतःची शरीरे बांधण्यासाठी हे नत्र उचलतात. इस्रायलचे शास्त्रज्ञ योराम अव्हनिमेलेक यांनी या प्रक्रियेचे गणित मांडले. एक ग्रॅम नत्र बांधून घेण्यासाठी सुमारे २० ग्रॅम कर्बोदक लागते. बायोफ्लॉक पद्धतीचा पाया हाच आहे. जिवाणूंचे गुच्छ तयार होतात, पाणी स्वच्छ राहते आणि कोळंबी ते गुच्छ खाऊन थोडे प्रथिन परतही मिळवते. घरच्या गुळाचा हा उपयोग खरोखर चांगला आहे.

परंतु वरील आकडे गुणून पाहावेत. ४२ ग्रॅम नत्रासाठी ८४० ग्रॅम कर्बोदक. म्हणजे सगळे काम गुळावर सोपवायचे ठरवले, तर प्रत्येक किलो खाद्यामागे जवळजवळ तेवढाच गूळ लागेल. आठवड्यातून एकदा बादलीभर आंबवण ओतून पाणी स्वच्छ होईल, ही अपेक्षा या गणितात बसत नाही. उलट, गूळ अधिक टाकला तर दुसरा धोका उभा राहतो. झपाट्याने वाढणारे जिवाणू प्राणवायूही झपाट्याने वापरतात. रात्री शैवालाची प्राणवायूनिर्मिती थांबलेली असते आणि पहाटेच्या आधी पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. एरेटर पुरेसे नसतील किंवा त्या रात्री वीज गेली, तर सूर्योदयाला कोळंबी काठाशी मरून पडलेली आढळते. ज्या तळ्यात प्राणवायू लिटरमागे चार मिलिग्रॅमपेक्षा खाली जाऊ न देण्याची सोय नाही, तेथे गुळाचा हात आखडताच ठेवावा.

जेथे बाटली निरुपयोगी ठरते

कोळंबी वाढत नाही, हे वाढवर्धक विकले जाण्याचे सर्वांत मोठे कारण. मात्र वाढ खुंटण्याचे एक महत्त्वाचे कारण ‘ईएचपी’ नावाचा सूक्ष्म परजीवी आहे. थायलंडमधील कोळंबीतून २००९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि पुढे तो भारतातील तळ्यांतही पसरला. हा परजीवी कोळंबीच्या यकृतसदृश पचनग्रंथीत वाढतो. कोळंबी लगेच मरत नाही. ती खाते, हिंडते, पण वजन धरत नाही. एकाच तळ्यात लहान-मोठी कोळंबी दिसू लागते. शेतकरी खाद्य वाढवतो, मग वाढवर्धक आणतो, मग दुसरा वाढवर्धक आणतो. रोग मात्र होता तेथेच राहतो आणि कर्ज वाढते.

अशा वेळी बाटलीऐवजी प्रयोगशाळेकडे जाणे स्वस्त पडते. बीज घेण्यापूर्वीच त्याची पीसीआर तपासणी करून घेणे, हाच ईएचपीवरचा भरवशाचा उपाय आहे. हंगामानंतर तळे पूर्ण वाळवणे, तळाचा गाळ काढणे आणि कळीचा चुना मुरवून मातीचा सामू १२ पर्यंत नेणे, ही परजीवीचे बीजाणू मारण्याची पद्धत आहे. त्यासाठी हेक्टरी सुमारे सहा टन चुन्याची शिफारस केली जाते. हे कष्टाचे काम आहे आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही. कारण त्यात विकण्यासारखे फारसे काही नाही.

कायदा कोणाच्या बाजूने?

कोळंबी शेतीचे नियमन न्यायालयाच्या दारातून आले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी एस. जगन्नाथ विरुद्ध भारत सरकार या खटल्यात किनारी पट्ट्यातील बेबंद कोळंबी शेतीला लगाम घातला. त्यानंतर नियामक यंत्रणा उभी राहिली आणि २००५ साली संसदेने तटीय जलकृषी प्राधिकरण कायदा केला. २०२३ साली त्यात दुरुस्ती झाली. चेन्नईतील या प्राधिकरणाच्या नियमांनुसार व्हॅनामेईची घनता प्रतिचौरस मीटर ६० नगांपेक्षा अधिक असू नये. कोळंबी शेतीत निषिद्ध असलेल्या २० प्रतिजैविकांची व औषधी द्रव्यांची यादी प्रसिद्ध आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही त्यातील ठळक नावे.

वाढवर्धकांच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद अशी की, तळ्यात वापरली जाणारी खाद्ये, प्रोबायोटिके आणि अन्य पूरके प्रतिजैविकमुक्त असल्याचे प्रमाणपत्र हेच प्राधिकरण देते. शेतकऱ्याने बाटलीवर ‘सेंद्रिय’ हा शब्द न शोधता या प्रमाणपत्राचा क्रमांक शोधावा. एखाद्या ‘जडीबुटी’च्या भुकटीत निषिद्ध औषध मिसळलेले असेल, तर ते शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसत नाही, प्रयोगशाळेच्या यंत्राला मात्र दिसते. नायट्रोफ्युरानचे अवशेष अब्जात एक भाग इतक्या सूक्ष्म प्रमाणातही ओळखले जातात. युरोपीय संघाने २०१६ साली भारतातील मत्स्यशेतीच्या मालाचे नमुने तपासण्याचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजे एमपीडा, युरोपला जाणाऱ्या कोळंबीची काढणीपूर्व तपासणी करते. त्या तपासणीत दोष आढळला, तर ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर शेतकऱ्याला वाचवत नाही.

आणि संपूर्ण कोळंबीच ‘सेंद्रिय’ म्हणून विकायची असेल, तर वाट आणखी वेगळी आहे. त्यासाठी अपेडाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली किंवा आयात करणाऱ्या देशाच्या मानकांनुसार तळे, बीज, खाद्य, घनता आणि नोंदी यांचे प्रमाणन व्हावे लागते. सेंद्रिय वाढवर्धक वापरला म्हणून कोळंबी सेंद्रिय होत नाही. ग्राहकाला तसे सांगणे ही दिशाभूल ठरते.

खाजनांची जुनी शिकवण

या चर्चेत आपल्या भूमीचा एक जुना अनुभव विसरता कामा नये. गोव्यातील सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमिनीत बांध आणि मानस यांच्या आधारे खाऱ्या पाण्याचे नियंत्रण पिढ्यान्‌पिढ्या होत आले. पावसाळ्यात कोरगूट भात आणि त्याच पोयींतून मासळी व सुंगटे. कुमट्याजवळ अघनाशिनीच्या खाडीकाठी ‘गजनी’ नावाच्या जमिनींत कग्गा हे खारे पाणी सोसणारे भात आणि कोळंबी यांची अशीच सांगड होती. भाताचे काड कुजून पाण्यात सूक्ष्म जीव वाढत आणि कोळंबी त्यांवर पोसली जाई. वाढवर्धक होता, पण तो बाटलीत नव्हता.

त्या पद्धतीचे उत्पादन आजच्या तळ्याच्या तुलनेत थोडे होते आणि आजच्या गरजा त्यावर भागणार नाहीत, हे मान्य केले पाहिजे. मात्र कोळंबीच्या लोभाने मानशीची दारे अवेळी उघडली गेली, तेव्हा शेजारच्या भातशेतीत खारे पाणी शिरले, हाही त्याच खाजनांचा इतिहास आहे. तळ्यातील पाणी शेवटी खाडीतच जाते. आपण त्यात जे टाकतो, ते गावाच्या पाण्यात टाकतो.

शेतकऱ्याने काय करावे?

कोणताही वाढवर्धक वापरण्यापूर्वी त्याची परीक्षा स्वतःच्या तळ्यावर घ्यावी. शक्य असल्यास एकाच दिवशी, एकाच बीजाची दोन तळी भरावीत. एकात वाढवर्धक द्यावा, दुसऱ्यात देऊ नये. दर आठवड्याला पाग टाकून कोळंबीचे सरासरी वजन काढावे, खाद्याची नोंद ठेवावी आणि अखेरीस हिशेब मांडावा. उदाहरणादाखल, तीन हजार किलो कोळंबीसाठी दर किलोमागे १.४ किलो खाद्य लागले, तर एकूण खाद्य ४,२०० किलो होते. वाढवर्धकामुळे हे प्रमाण १.३ वर आले, तर ३,९०० किलो लागेल आणि ३०० किलो खाद्य वाचेल. खाद्याचा दर किलोला ९० रुपये धरला, तर बचत २७ हजार रुपयांची झाली. वाढवर्धकाचा खर्च त्याहून कमी असेल तरच तो घेण्यात अर्थ आहे. खाद्यावरचा खर्च एकूण उत्पादन खर्चाच्या निम्म्याहून अधिक असल्याने हा हिशेब प्रत्येक विक्रेत्यासमोर मांडण्याजोगा आहे.

एकाच तळ्यात एकाच वेळी चार उत्पादने वापरू नयेत. लाभ कशाचा झाला आणि हानी कशाने झाली, हे मग कधीच कळत नाही. प्रत्येक पाकिटाचा तुकडी क्रमांक आणि बिल जपून ठेवावे. उद्या मालात निषिद्ध औषध सापडले, तर ते कोठून आले हे दाखवणारा पुरावा शेतकऱ्याकडे एवढाच असतो.

हुबळीच्या बाजारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला यांतले काहीच दिसत नाही. त्याच्यासमोर बर्फावर ठेवलेली कोळंबी असते आणि विक्रेत्याचा शब्द असतो. घाटाखालच्या तळ्यात चार महिने काय टाकले गेले, याची साक्ष त्या शेतकऱ्याच्या नोंदवहीत असते. ती वही नीट ठेवलेली असेल, तर कोळंबीवर कोणते विशेषण लावायचे, हा प्रश्न दुय्यम ठरतो.